चुलीमागचं मडकं

नर्मदाबाई माघात गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. त्यानंतर हिलाल पाटलाला घरातली एकही वस्तू वेळेवर सापडेना. वस्तू जिथल्या तिथेच होत्या. त्या तिथे असतात हेच त्याला माहीत नव्हतं.

धानोऱ्याच्या शिवारात त्याचं बारा बिघे वावर होतं. कापूस कधी पेरायचा, दादर ज्वारी कधी कापायची हे त्याला विचारायला लोक बांधावर येत. पण घरामागचं परस नर्मदाबाईचं होतं. तीस वर्षांत तो तिथे न्हाणीवर अंघोळीला जायचा, तेवढंच. अंघोळ झाली की तिथूनच तिला हाक मारून टॉवेल मागायचा. भाजी परसातून चुलीवर येते आणि चुलीवरून ताटात, एवढंच त्याला त्यातलं ठाऊक.

दहाव्याला घरात माणसं भरली तेव्हा परसाचं फाटक उघडं राहिलं. शेळ्या आत शिरल्या आणि वांग्याची झाडं बुडख्यापर्यंत खाऊन गेल्या. ती पुन्हा फुटली नाहीत. जमिनीखाली होती म्हणून गिलकी, म्हणजे घोसाळी, वाचली. नर्मदाबाईने ताप यायच्या आठ दिवस आधी ती टोचली होती. बी उगवून वर आलं तेव्हा तिला जाऊन बारा दिवस झाले होते. हिलाल फाटकाशी उभा राहून त्या कोंबांकडे बघत राहिला. आता यांचं काय करायचं, हे त्याला कळेना. मग त्याने आडावरून बादलीभर पाणी आणून ओतलं. तेव्हापासून तो रोज ओतू लागला. जास्त होत होतं की कमी, देव जाणे.

फाल्गुनात वेल मांडवाला लागले आणि पानांवर लाल भुंगे आले. पानांची चाळण झाली. नर्मदाबाई सकाळच्या दवात पानांवर राख उडवायची, एवढं त्याला आठवलं. तो घरात आला. चूल थंड होती. शेजारची भिकुबाई दोन वेळा भाकरी पाठवायची, त्यामुळे दिवसकार्य झाल्यापासून चूल पेटली नव्हती. राख आणायची कुठून? बघतो तर चुलीमागच्या कोपऱ्यात, चिंधीने तोंड बांधलेलं एक मडकं. आत मऊ, चाळलेली राख. त्याला बरं वाटलं. बायको आधीच तजवीज करून गेली, असं त्याच्या मनात आलं. त्याने मूठ मूठ करून सगळी राख पानांवर उधळली. रिकामं मडकं न्हाणीच्या दगडावर विसळून पालथं घातलं.

भुंगे गेले. हे एक काम त्याला जमलं.

दहा-बारा दिवसांनी वेलांखाली बारीक हिरवं दिसू लागलं. दोन दोन पानांचं, दाट. तण दिसलं की शेतकऱ्याचा हात थांबत नाही. हिलालने खुरपं घेतलं, सकाळभर उकिडवा बसला आणि वाफा स्वच्छ करून टाकला. काढलेलं सगळं उन्हात पसरलं. दुपारपर्यंत त्याचा पाचोळा झाला.

भिकुबाई भाकरी घेऊन आली. ती नात्याने लांबची भावजय, वयाने त्याच्याहून मोठी, आणि बोलण्यात कोणाला सोडणारी नव्हती.

"हिलालभाऊ, वाफा त एकदम वावरनागत करी टाका! आते पांभर फिरवी द्या, कापूस पेरा."

"मंग? तण ठेवू का, वहिनी?"

"ठेवू नका बा. नर्मदा देखी ऱ्हायनी व्हई वरतीन. तिले वाटी, मन्हा धनी सुधरी गया."

तो हसला. खूप दिवसांनी हसला.

पाडवा झाला. आठ दिवसांनी शहाद्याकडून कापसाच्या गाड्या नंदुरबारला चालल्या होत्या. त्यांतला वीरसिंग गाडीवान त्याच्या दारात थांबला. हिलालची एकुलती मुलगी सुपडी तापीपलीकडे, प्रकाशाजवळ दिली होती. तिचा निरोप होता.

"सुपडीबाई आखाजीले येवाव शे. तिनी सांगं, मायनं वांगानं बी काढी ठेवा. औंदा तिन्हाकडलं बी वाळवीनी खाई टाकं. एक दाणा उरना नही."

हिलाल "बरं" म्हणाला आणि आत येऊन बसला.

ते बी त्याला माहीत होतं, म्हणजे ते असतं एवढं माहीत होतं. नर्मदाबाईने ते तिच्या आईकडून आणलं होतं, तिच्या आईने तिच्या आईकडून. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुपडी माहेरी आली की जाताना नर्मदाबाई चिंधीत बांधलेली चिमूटभर पुरचुंडी तिच्या ओटीत टाकायची. मृग लागायच्या आधी रोप टाकायला. बायकांचं ते काम, म्हणून तो तेव्हा उठून बाहेर जायचा. आता वाटलं, एकदा तरी बसायला हवं होतं.

त्याने शोधायला सुरुवात केली. आढ्याला वाळलेली गिलकी टांगलेली, त्यांच्यात गिलक्याचं बी. कणगीजवळ चिंध्यांच्या गाठी, वरून चाचपल्या तर चवळी, वाल, भेंडी. एक गाठ सोडली तर जुनी नथ निघाली, ती तो दिवसभर खिशात घालून फिरला आणि मग पुन्हा तिथेच ठेवली. वांग्याचं बी नव्हतं. कोठीत नव्हतं, तिच्या पेटीत नव्हतं, देव्हाऱ्यामागे नव्हतं. वांग्याचं बी दिसतं कसं, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी तो गाडी जुंपून नंदुरबारच्या बाजारात गेला. जेठमलच्या दुकानात बियाणं मिळायचं.

"वांग्याचं बी द्या, शेठ."

"कोणतं वांगं, पाटील? हिरवं की जांभळं?"

हिलालने विचार केला. "भरताचं."

"भरताची दोन्ही असतात. लांबोडं की गोल? काट्याचं की बिनकाट्याचं?"

तीस वर्षं त्याने ते वांगं खाल्लं होतं. चुलीवर भाजलेलं, काळं पडलेलं, मग हिरवी मिरची आणि दाणे घालून लाकडी बडगीत ठेचलेलं. ठेचलेलं असलं की रंग कोणता उरतो? झाडावर त्याने ते कधी नीट बघितलं नव्हतं.

"पाटील, घरात विचारून या ना," जेठमल सहज म्हणाला. मग हिलालच्या कपाळाकडे, मुंडनानंतर अजून पुरते न वाढलेल्या केसांकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने दोन्ही बियांच्या पुड्या बांधून दिल्या.

येताना गाडीत हिलालला एक विचार सुचला. यातलं थोडं बी नर्मदाबाईच्या लुगड्याच्या चिंधीत बांधून दिलं तर? सुपडीला काय कळणार? वांगं ते वांगं. घरी येऊन त्याने चिंधी फाडली, बी घातलं, गाठ मारली. ती बैलाच्या दाव्याची गाठ झाली. सोडली, पुन्हा मारली. पुन्हा तीच. नर्मदाबाईची गाठ कशी असायची? त्याने कणगीजवळची एक गाठ उचलून बघितली, पण सोडल्याशिवाय कळेना आणि सोडवेना.

संध्याकाळी भिकुबाईने त्याला तसं चिंध्या घेऊन बसलेलं बघितलं.

"काय शोधी ऱ्हायनात चार दिवस? सगळा गाव ऐकस घरमातला आवाज."

"वांगानं बी."

"मंग चिंधीमा काय शोधतस? वांगानं बी चिंधीमा ऱ्हास का? किडा लागतस. राखमा ऱ्हास. ते चुल्हामांगलं राखनं मडकं कोठे शे?"

हिलालने चिंधी खाली ठेवली.

"वहिनी, ती राख त मी गिलकावर टाकी दिधी."

"सगळी?"

"सगळी."

भिकुबाई खाली बसली. "भाऊ, ती नुसती राख नही व्हती. वांगानं बी व्हतं त्यामा. मिरचीनं बी व्हतं."

"मले काय माहीत! राखमा बारीक काय दिसस? मी भुंगासाठे..." वेलांखालचं ते बारीक, दाट हिरवं त्याला आठवलं. "आणि उगनं व्हतं वहिनी. उगनं व्हतं सगळं. मी खुरपी काढं."

भिकुबाई उठून परसात गेली, वाफ्यावर वाकली, बोटाने माती उकरली. काही नव्हतं. त्याने काम चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसला असताना त्याला न्हाणीच्या दगडाखाली, पाणी वाहून जातं त्या चरीत, काहीतरी हिरवं दिसलं. मडकं तिथे विसळलं होतं. तिथे खुरपं पोचलं नव्हतं, कारण तो कोपरा त्याला वाफा वाटलाच नव्हता. त्याने मोजली, अकरा रोपं. दोन दोन पानांची. तो अंगावर पाणी न घेताच भिकुबाईकडे धावला.

ती आली, डोळे बारीक करून बघत राहिली.

"यातलं वांगं कोणतं?"

"आते कोणले सांगता येवाव नही. दोन पानेसवर सगळ्या पोरी एकसारख्याच. तिसरं पान येऊ द्या. लव ऱ्हायनी त वांगं. गुळगुळीत ऱ्हायनं त मिरची."

"लव ऱ्हायनी म्हणजे वांगंच ना?"

"नहीतर रानरिंगणी, काटानं तण. ती बी लवनीच ऱ्हास. न्हाणीजोडे रिंगणी उगसच."

हिलालने कपाळाला हात लावला. कापसाला एवढे फाटे नव्हते.

आखाजीला सतरा दिवस होते. त्याने चरीवर चार काठ्या रोवल्या आणि नर्मदाबाईचं जुनं लुगडं सावलीला बांधलं. तिसऱ्या दिवशी कोंबडीने उकरून चार रोपं घालवली. मग ऊन असं तापलं की दुपारी न्हाणीचा दगड पायाला सोसवेना. एक रोप मान टाकून गेलं. त्याने घाबरून दुपारीच पाणी घातलं, तर भिकुबाई ओरडली, "उकडी काढा आते! भरीत तयार!" मग तो दिवस मावळल्यावर घालू लागला. एका संध्याकाळी अचानक वावटळ उठली, मागोमाग टपोऱ्या थेंबांची सर आली. गिलक्याचा मांडव आडवा झाला, लुगडं आडाकडे उडालं. सकाळी बघतो तर चरीत चिखल आणि चिखलातून वर आलेली तीन रोपं. बाकीची त्याने बोटाने उकरून काढली, पण ती मोडलेली होती.

तीन राहिली. आखाजीच्या आदल्या आठवड्यात त्यांना तिसरं पान फुटलं.

हिलालने पान चिमटीत धरलं. काही कळेना. नांगराच्या रुमण्याने त्याची बोटं अशी झाली होती की निखारासुद्धा उशिरा कळे. त्याने ओणवं होऊन पान गालाला लावलं, तर दाढीचे खुंट मध्ये आले. शेवटी ओठाला लावलं. एक गुळगुळीत वाटलं. दुसरं गुळगुळीत नाही असं वाटलं. तिसऱ्याचं काहीच सांगता येईना. एवढ्यात कुंपणापलीकडून भिकुबाई म्हणाली, "मुका घी ऱ्हायनात का?" तो चटकन उठला. त्यानंतर त्याने कोणी नसताना बघितलं, पण रोज वेगळंच वाटे.

आखाजीला सुपडी आली. तापीच्या वाळूतलं खरबूज घेऊन आली, आईच्या नावाने भरायच्या घागरीवर ठेवायला. आल्या आल्या ती आधी चुलीजवळ गेली आणि तिथेच बसून रडली. हिलाल दाराशी उभा राहिला. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, आंबे, सांजोऱ्या ठेवल्या, नैवेद्य झाला. बाहेर झोक्यावरच्या बायकांची गाणी सुरू झाली. तेव्हा तिने विचारलं,

"आबा, मन्ही मायनं बी?"

हिलालने खिशातून दोन्ही पुड्या काढल्या. "हाई बाजारनं शे. तुले फसाडी देवानं मन व्हतं मन्हं. गाठ जमनी नही." मग त्याने सगळं सांगितलं. मडकं, राख, भुंगे, खुरपं. शेवटी तिला न्हाणीजवळ नेलं.

सुपडी खाली बसली. तिने एकेक पान दोन बोटांत धरलं. हिलाल तिच्या तोंडाकडे बघत होता.

"हाई मिरची," ती म्हणाली. मग उरलेल्या दोघांवर पुन्हा बोट फिरवलं. "ह्या दोन्हीसले लव शे."

"वांगंच शे का? रिंगणी नही ना?"

"आजून काटा नही. मायनं वांगं बी बिनकाट्यानं शे." तिने पान सोडलं. "पण आजच काय सांगू, आबा? मीनी दरसाल बीच नेयेल शे. रोप मायनी कधी दिधं नही."

तिलाही नक्की माहीत नव्हतं. हिलालला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला जरा हलकं वाटलं.

निघायच्या दिवशी त्याने फुटक्या गाडग्यात ओली माती भरली आणि दोन्ही लवदार रोपं मुळाच्या मातीसकट उचलायला खुरपं घेतलं. सुपडीने त्याचा हात धरला.

"एकच."

"दोन्ही ली जाय. तुन्ही मायनं शे. मी मारी टाकसू. देखं ना तू, काय काय करं मीनी."

"आणि मन्हं जळी गयं त? मंग मी कोनाकडे मांगू?"

आजवर ती मागत आली ते आईकडे. मागायचं ठिकाण आता हेच राहिलं होतं, आणि तिथे तो एकटा होता.

"मले यामधलं काही समजस नही, सुपडी."

"भिकूकाकूले विचारा. ती हासी, पण सांगी. आणि पहिलं फळ तोडू नका. त्याले चिंधी बांधा, पिवळं पडू द्या. ते बीनं. माय तसंच करे."

गाडी निघाली. सुपडीने गाडगं मांडीवर घेतलं होतं आणि त्यावर पदर धरला होता. गाडी गावाबाहेरच्या निंबापर्यंत जाईस्तोवर हिलाल उभा राहिला, मग मागच्या दाराने परसात आला.

उरलेलं वांग्याचं रोप, वांग्याचं असलं तर, उन्हात पान खाली टाकून होतं. पाणी द्यावं? दुपार होती, देऊ नये. पण पान पडलं होतं, द्यावं. त्याने बादली उचलली आणि तिथेच उभा राहिला. मग कुंपणाशी जाऊन त्याने हाक मारली,

"वहिनी! एक विचारू का? हासू नका."