मी ओल तोलत राहिलो

मित्रांनो, मी उदगीरच्या मोंढ्यातला जुना लोखंडी काटा. जवळ येऊन बघा, माझ्या दांडीवर अजून सरकारी शिक्का आहे! लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा नव्या कचेरीतले साहेब आले, त्यांनी मला तपासलं आणि "एकदम अचूक" म्हणून शिक्का मारला. काय फुगलो होतो मी! आता त्याच शिक्क्याची लाज वाटते. का, ते सांगतो.

मी चन्नबसप्पांच्या आडत दुकानात होतो. तुरीची, हरभऱ्याची पोती दिवसभर माझ्या फळीवर चढायची. मग दुष्काळ पडला आणि पोती येईनाशी झाली. मी नुसता बसून. तेव्हा माझ्याकडे आली चन्नबसप्पांची लेक शिवगंगा. नववीत होती, आणि कबड्डीत म्हणाल तर वाघीण! नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ निवडायचा होता. अट एकच, वजन पन्नास किलोच्या आत. शिवगंगा भरली त्रेपन्न. हातात एक महिना.

आधी ती आठवड्यातून एकदा यायची. मग रोज. मग शाळेआधी, शाळेनंतर आणि जेवल्यावर पुन्हा! प्रत्येक आकडा खडूने भिंतीवर लिहायची. आमचे हमाल मलप्पा चिडवायचे, "अक्का, आज तुमची आवक घटून राहिली की!"

"घटू द्या मामा, भाव वाढतोय माझा!"

एकदा ती सरावाहून आली, दोन तांबे पाणी प्यायली आणि लगेच माझ्यावर चढली. आकडा वर गेला. पोरगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही, घरात पाणी नव्हतं, तर मी कमी दाखवलं. तिचे डोळे चमकले. त्या दिवसापासून ती आपल्या वाट्याचं पाणी गुपचूप रांजणात परत ओतू लागली. तिची आई नीलम्मा कौतुकाने सांगायची, "आमची पोरगी लई समजूतदार हाय. एवढ्या उन्हात पाणी मागत न्हाई."

खरं काय ते फक्त मला माहीत होतं. आणि मी काय केलं? रोज थोडा कमी आकडा दाखवून तिला शाबासकी देत राहिलो.

निवडीला चार दिवस उरले होते. आकडा आला साडेएकोणपन्नास. "मामा, जमलं!" ती ओरडली आणि माझ्या फळीवरच कोसळली. ओठ सुकून पांढरे पडलेले. तिचं कपाळ फुटलं ते माझ्याच कडेवर.

दवाखान्यात सलाईन लावलं. दोन दिवसांनी चन्नबसप्पा तिला घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता मला भंगारात घालणार. घालायलाच हवं होतं! पण ते हळूच म्हणाले, "माय, भिजलेली तूर आली की मी काय करतो?"

"वाळवता."

"लगेच का तोलत न्हाई?"

"ओलीचं वजन येतं, अप्पा. दाणा तेवढाच असतो..." बोलता बोलता ती थांबली.

"मग इतके दिवस तू काय तोललंस?"

शिवगंगेने तळहाताने भिंत पुसायला घेतली.

निवडीच्या दिवशी ती साडेएकावन्न भरली. संघ तिच्याशिवाय लातूरच्या शिबिराला गेला. अप्पांनी आता नियम घातला होता, काट्यावर चढायचं ते फक्त सोमवारी सकाळी. तीन सोमवार गेले, ती फिरकलीच नाही. चौथ्या सोमवारी आली. तांब्याभर पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि फळीवर चढली. एकावन्न.

"असू दे," म्हणाली आणि मैदानाकडे पळाली.

मित्रांनो, आज मी गोदामाच्या कोपऱ्यात गंजतोय. माझ्या कडेवरचं ते रक्त मलप्पांनी तेव्हाच धुतलं, पण मला अजून जाणवतं. तुम्हाला वजन उतरवायचं असेल तर मला आठवड्यातून एकदाच विचारा, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. दिवसातून तीनदा विचाराल तर मी तीनदा सांगेन. मी काटा आहे, मला थांबता येत नाही. तुम्हाला येतं.

आणि याल तेव्हा पाणी पिऊन या.