हलवायची नाही

सिस्टरनं काचेची एवढीशी बाटली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं एकेक करून मिटवली.

"मुठीची ऊब द्या हिला. फ्रिजमधली आहे, गार औषध बाळाच्या छातीत सोडता येत नाही. दुसरी सिस्टर तिकडे बाळंतपणात अडकलीय आणि मला आत दोन्ही हात लागणार आहेत. आणि हे बघा, हलवायची नाही. एकच आहे आमच्याकडे."

"बरं," तो म्हणाला.

ती घाईनं आत गेली. काचेचं दार पुरतं लागलं नाही. फटीतून बाळाचा आवाज येत राहिला. ते रडणं नव्हतं. प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीकसं कण्हणं, ओझं उचलणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.

तो गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा. निरोप आला तेव्हा अर्धं दार रंगवायचं तसंच टाकून निघाला होता. नखांच्या कडांना राखाडी रंग अजून होता. बायको वरच्या मजल्यावर ऑपरेशननंतरच्या गुंगीत होती. समोरच्या बाकावर सासूबाई होत्या, आणि कधी त्यांच्या या बाजूला, कधी त्या बाजूला त्याची थोरली मुलगी. एका जागी ती कधी बसलीच नव्हती, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत.

"आजी, बाळ असं का करतंय?"

सासूबाईंचा सारा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला होता. मुलानं काही विचारलं की 'मग सांगते' म्हणणं त्यांना जमत नसे, आजही जमलं नाही. त्यांनी पिशवीतली केळी बाकावर काढून ठेवली, ती पातळ पिशवी कोपऱ्यातल्या बेसिनवर आतून ओली केली, दोन्ही बाजू दाबून चपट्या केल्या आणि भिंगरीच्या हातात दिली.

"फुगव बघू."

भिंगरीनं गाल फुगवून पाहिले. चेहरा लाल झाला, पिशवी उघडेना.

"चिकटलीय."

"कशानं? मी गोंद लावला का?"

"पाण्यानं."

"हां. पाणी स्वतःला धरून ठेवतं, सहजी सोडत नाही. आपल्या छातीत अशाच पिशव्या असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. आणि त्या आतून ओल्या असतात."

"मग माझ्या का नाही चिकटत?"

"तुझ्या छातीत एक बुळबुळीत पदार्थ तयार होतो. तो त्या पाण्यावर पसरतो आणि त्याची ओढ सैल करतो. मग श्वास सोडला तरी पिशवी पुरती मिटत नाही, आणि पुढचा श्वास सोपा जातो. पोटातल्या बाळाकडे तो शेवटी शेवटी पुरेसा साठतो. आपलं बाळ त्याआधीच आलं."

"घाई केली त्यानं."

"तुझ्यावर गेलंय."

भिंगरी हसली नाही. "पण ते कण्हतंय कशाला?"

"हवा पुरती बाहेर जाऊ देत नाहीये ते. गळ्याशी अडवून धरतंय, पिशव्या मिटू नयेत म्हणून. कुणी शिकवलं नाही त्याला."

"दमेल ना गं ते?"

सासूबाई ओल्या पिशवीची घडी घालू लागल्या. ती नीट बसेना, तरी घालत राहिल्या.

तो सगळं ऐकत होता. मेण लावलेल्या बॉनेटवर पाणी पसरत नाही, थेंबाथेंबानं गोळा होऊन बसतं, हे तो रोज बघत आला होता. त्यानं कधी त्याचा विचार केला नव्हता. त्यानं मूठ उघडली. औषध पांढरट होतं, वर पातळ आणि तळाशी जरासं दाट बसलेलं.

मनगटानं त्याला विचारलं नाही. दोन झटके, वर आणि खाली.

डबा हलवल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हा त्याचा पहिला धडा होता. तो दुधाची पिशवी हलवायचा, सॉसची बाटली हलवायचा, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा हलवायचा. बायको त्याला खुळखुळा म्हणायची.

बाटलीच्या गळ्याशी फेस चढला होता.

"बाबा," भिंगरी हळूच म्हणाली, "तू हलवलीस."

त्यानं मूठ मिटली. मिटलेल्या मुठीत काहीच दिसत नव्हतं.

"जावईबापू, आत जाऊन सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"सुईत भरताना बघतीलच की त्या."

"आणि तोवर?"

त्यानं खांद्यानं दार ढकललं. दिव्याखाली बाळ होतं, त्याच्या पंजापेक्षा फार मोठं नसेल. दर श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

"सिस्टर, हलली. म्हणजे... मी हलवली."

डॉक्टरबाईंनी बाळावरून नजर काढली नाही. सिस्टरनं बाटली उजेडाला धरली.

"फेस झालाय."

"फेस ओढला तर औषध कमी जाईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बसू दे तो."

"आणि बाळ?" त्यानं विचारलं.

"बाळानं तोवर धरून ठेवायला हवं."

सिस्टरनं बाटली पुन्हा त्याच्यापुढे केली. तो मागे सरला.

"मलाच?"

"अजून गार आहे ती. आणि माझे हात ओले आहेत."

बाहेर येऊन तो भिंतीला टेकून खाली बसला. मूठ दोन गुडघ्यांमध्ये धरली आणि दुसऱ्या हातानं मनगट आवळलं. भिंगरी त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं आपले दोन्ही पंजे त्याच्या मुठीवर ठेवले.

"मी धरते. हात हलायला लागला की सांगेन."

आत कण्हणं चालू होतं. मध्येच एखादा श्वास उशिरा येई. तोवर तिघांपैकी कुणीच श्वास घेत नसे. बोटांच्या फटीतून फेसाचा एक बुडबुडा फुटलेला दिसला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. भिंगरीच्या नाकावर माशी बसली, तिनं नाक मुरडलं, हात मात्र उचलला नाही.

शेवटी सिस्टर आली, बाटली घेऊन बघितली, फेस बसलेला पाहून आत गेली.

आता कण्हण्याचा आवाज चिरका झाला होता. काहीतरी धातूचं ट्रेमध्ये पडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नळी आत आहे. सोड, सावकाश." एक कण्हणं आलं. दुसरं आलं.

मग काहीच आलं नाही.

तो उठून उभा राहिला. सासूबाईंच्या हातातली पिशवी चुरगळल्याचा आवाज तेवढा झाला.

"आजी," भिंगरी म्हणाली, "आता त्याला हवा धरून ठेवायला लागत नाहीये का?"

दार उघडलं. सिस्टरच्या कपाळावर केस चिकटले होते.

"कण्हायचं थांबलंय. श्वास चालू आहे, आणि छाती आत जात होती ती कमी झाली. लगेच पेढे वाटू नका, अजून पुष्कळ पल्ला आहे. बाबा, हात धुवून या."

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. राखाडी रंग काही निघाला नाही.

"आता हात इथे ठेवा, डोक्यापासून पाठीपर्यंत. कुरवाळायचं नाही, थोपटायचं नाही, हलवायचं नाही. नुसता ठेवायचा."

तळहाताखाली बाळ सगळंच्या सगळं मावलं. ऊब होती, आणि ऊब मंद वरखाली होत होती. काचेपलीकडे भिंगरी टाचा उंचावून उभी होती, जराही न हलता.

बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाली, "आता काढलात तरी चालेल."

त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं.