केसपेपरवरचं भटकं कुत्रं

भिडेखातर माणूस काय काय करून बसतं! कपडे कारखान्यातल्या कटिंगवालीने भिडेखातर एका चांगल्या घरच्या कुत्र्याला भटकं करून टाकलं.

दोन महिन्यांपूर्वी थोरल्या जाऊबाईंच्या दारातच, त्यांच्या लाडक्या कुत्र्याने तिच्या उजव्या हाताचा लचका तोडला. दवाखान्यात पोचेपर्यंत जाऊबाईंचं एकच चाललं होतं, "आमचं नाव नको गं घेऊस, उगाच लचांड मागे लागेल." हाताला टॉवेल गुंडाळलेली कटिंगवालीच उलट त्यांची समजूत काढत होती. डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं कुणाचं? "रस्त्यावरचं," ती म्हणाली. नवरा शेजारीच उभा होता. चावताना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्यानेही मान डोलावली. केसपेपरवर 'भटकं कुत्रं' अशी नोंद झाली.

इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण अंगठा काही वळेना. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाईचा अंगठा वळत नसेल तर तिने करायचं काय? मालकाने तिला बटणं निवडायला बसवलं होतं, आणि तेही या महिनाअखेरपर्यंतच. ऑपरेशनने हात सुधारेल असं डॉक्टर म्हणत होते, पण ते तिच्या आवाक्याबाहेरचं होतं.

खर्चाची काही वाट निघते का, हे विचारायला ती एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी केसपेपर वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"पाळलेलं कुत्रं चावलं तर जबाबदारी मालकाची. जाऊबाईंच्या घराचा विमा आहे?"

"आहे. कुत्र्याने कुणाला काही केलं तर तेही त्यात येतं, असं त्याच एकदा सांगत होत्या."

"मग सगळा खर्च कंपनीने दिला असता. त्यांना झळसुद्धा लागली नसती. पण इथे तर कुत्रं भटकं आहे."

कटिंगवालीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तेही डाव्या हातानेच जमलं असतं.

तिने तिथूनच जाऊबाईंना फोन लावला.

"अगं, आता मालक म्हणून आमचं नाव आलं तर पालिकेवाले त्याला उचलून नेतील," जाऊबाई म्हणाल्या. "पोटच्या पोरासारखं वाढवलंय त्याला."

"आणि माझा हात, ताई?"

"त्याचं वाईट वाटतंच गं मला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी गेली. मागे ही मोठी रांग. "मी खोटं सांगितलं होतं, ते दुरुस्त करायचंय," ती म्हणाली.

"त्याचा छापील फॉर्म नसतो, बाई," कारकून म्हणाला. "अर्ज लिहून द्या."

उजव्या हातात पेन धरवत नव्हतं, म्हणून नवरा लिहायला बसला. तारीख लिहिली, तिचं नाव लिहिलं. 'मला चावलेले कुत्रे' इथवर आला आणि थांबला.

"अगं, एकदा दादाला विचारून..."

"दादाचा अंगठा गेला का?"

त्याचं पेन पुढे सरकेना. संतापाने तिला रडूच कोसळायचं बाकी होतं. तिने कागद ओढून घेतला आणि डाव्या हाताने उरलेलं कसंबसं खरडलं. कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला.

"अक्षर लागत नाही हो."

"मग ऐका," ती म्हणाली आणि रांगेच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात तिने वाचलं, "मला चावलेलं कुत्रं रस्त्यावरचं नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या दिरांचं आहे. माझ्या नवऱ्याने ते पाहिलं आहे."

रांगेतले लोक नवऱ्याकडे बघू लागले. तो फरशीकडे बघत होता. कारकुनाने कोरा कागद पुढे ओढला.

"सावकाश सांगा," तो म्हणाला, "मी लिहून घेतो."