क्लोजअपसाठी थांबलो

मी टीव्ही मालिका लिहितो. म्हणजे दुरावलेली माणसं रोज संध्याकाळी जुळवून देतो. फक्त माझी सख्खी मुलगी तेवढी माझ्याशी बोलत नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

झालं असं, की तिच्या लग्नावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी ते जसंच्या तसं मालिकेत घातलं. इतकं चांगलं भांडण वाया कशाला घालवायचं? मालिकेतली मुलगी मात्र शेवटी बापाच्या पाया पडली, ढसाढसा रडली. मला वाटलं, पोरगी बघून विरघळेल. तिनं माझा फोन घेणंच बंद केलं.

आता तिला मुलगा झाला. बायको रोज जायची. मी विचारलं, “मी येऊ का गं?”

“विचारलंय तिला, या म्हणाली. पण तोंडाला कुलूप लावून या.”

मी कसला ऐकतोय! दार उघडलं. मुलगी समोर, कुशीत बाळ, केस विस्कटलेले, खांद्यावर दुधाचा डाग.

“बाळा,” मी सुरू केलं, “बाप चुकतो, तेव्हा त्याचं मौनच माफी मागत असतं.” आणि थांबलो. आमच्या मालिकांत अशा वाक्यानंतर थांबतातच. कॅमेरा आधी मुलीचा चेहरा दाखवतो, मग बापाचा, मग बाळाचा. मी डोळे ओले करून तिन्ही चेहऱ्यांपुरता उभा राहिलो. तोवर ती आत निघून गेली होती.

“दार लावा, डास येतात!” आतून आवाज आला.

दार लावून मी आत गेलो, तसं तिनं बाळ माझ्या हातात दिलं. आजोबांच्या कुशीत बाळ गप्प होतं, हे मी निदान चाळीस वेळा लिहिलंय. या पठ्ठ्यानं माझ्याकडे पाहून भोकाड पसरलं आणि माझ्या शर्टावर दूध ओकलं.

“मान धरा, बाबा, मान!”

मान धरता धरता मी विचारूनच टाकलं, “मला माफ केलंस ना?”

“केलं की, तुमच्या मालिकेत. पाया पडले, रडले. सासूबाईसुद्धा रडल्या बघून. मला मात्र कुणी विचारलंच नाही.”

अशा वेळी बापानं काय बोलावं, हे मी लोकांना पैसे घेऊन सांगतो. त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं. लाज वाटली. खूप वाटली.

“मी चुकलो,” एवढंच म्हणालो. यावेळी पुढे थांबलो नाही, बाळाचं तोंड पुसायला लागलो.

तिनं कोरडं फडकं पुढे केलं. “राग एवढ्यात जायचा नाही हं माझा, आत्ताच सांगते.”

“नको जाऊ दे. मी येत जाऊ का पण?”

“उद्या दुपारी या. मला जरा झोपायचंय.” तिनं माझ्या हातातलं बाळ नीट केलं. “आणि बोलायचंच असेल, तर याच्याशी बोला. त्याला अजून काही कळत नाही.”