अजून पाच महिने बायको

"फ्लॅट तुला दिला ना? आता आणखी काय हवंय?" फौजीने खुर्ची मागे सरकवली.

वकीलबाईंनी टेबलावर ठेवलेल्या अर्जाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. घटस्फोटाचा निकाल उद्याच होता. तारीख पाच महिने पुढे ढकलायची, तर अर्जावर नवराबायको दोघांची सही लागणार होती. बायकोची झाली होती.

तिला का हौस होती त्याच्या नावाची? दुसरीकडे संसार थाटून बसलेला माणूस! उद्या सुटका झाली असती, तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण तिच्या पोटात भावाने दिलेली किडनी होती आणि ती टिकवायला रोज गोळ्या लागत. लष्करी दवाखान्यात कार्डावर त्या मिळत, म्हणून घरात सगळे त्यांना 'फुकटच्या गोळ्या' म्हणत. घटस्फोट झाला की कार्ड बंद. लग्नाला वीस वर्षं भरलेली असली, तर मात्र जन्मभर चालू. वीस भरायला पाच महिने कमी होते.

"फ्लॅट विकून गोळ्या घेतल्यात तर सहा वर्षं निघतील," वकीलबाई काल म्हणाल्या होत्या. "पुढे काय? आणि त्याला याचा सुगावा लागू देऊ नका. नाक घासायला लावेल." फौजीला किडनीचं माहीत होतं, पण कार्डाचे नियम ठाऊक नव्हते. दवाखान्याच्या रांगेत कायम तीच उभी राहायची.

"मला बदलीच्या आधी लग्न उरकायचंय," फौजी म्हणाला. "सही नाही म्हणजे नाही."

तिच्या शेजारी तिचा भाऊ बसला होता. मनाने सोनं, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. "दाजी, तुम्हाला लग्नाची पडलीय! इथे किड—"

बायकोने टेबलाखाली त्याच्या पायावर टाच रोवली. भाऊ कळवळला.

"किड काय?" फौजीने डोळे बारीक केले.

"किडूकमिडूक!" वकीलबाई घाईने म्हणाल्या. "थोडं सोनंनाणं आहे, त्याची वाटणी राहिलीय."

"ठेवून घे म्हणावं." फौजी उठला आणि दाराकडे निघाला. एकदा हा बाहेर पडला की संपलंच.

"फ्लॅट नको मला," ती ओरडलीच. "तुम्हीच ठेवा. पण सही करा."

भाऊ "अगं ताई!" म्हणून ताडकन उठला. फौजी दारातच थबकला. पाच महिन्यांसाठी कोण घर सोडतं? तो तिच्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा संशय उतरला. त्याने मिशीवरून बोट फिरवलं.

"अजून जीव आहे का गं माझ्यावर?"

तिला शिसारी आली. एक थोबाडीत द्यावीशी वाटली. वकीलबाई श्वास रोखून तिच्याकडे बघत होत्या.

"जीवाचाच प्रश्न आहे," ती म्हणाली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

फौजी विरघळला. परत येऊन बसला आणि झोकात सही केली. "तिकडे तिची समजूत घालतो मी. पाच महिने दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येत जाईन. बघू, कसं जमतंय."

भावाने मान खाली घातली.

"या," बायको म्हणाली.