डार्लाचं कच्चं सिरप

माझी नणंद डार्ला नवरा सोडून सेंट लुईसहून गावी परतली आणि पहिल्याच ऑगस्टात आम्हाला सर्दीखोकल्यावरचं एल्डरबेरीचं सिरप शिकवायला निघाली. आम्हाला, ज्यांच्या कुंपणालगतच्या चरात ही झुडपं माजलेली असतात. तिच्या संसाराचं झालं ते वाईटच. पण म्हणून काय फोनवरच्या व्हिडिओतल्या बायका सांगतील तसं स्वयंपाकघर चालवायचं?

आमच्याकडे त्या काळ्या फळांचे घोस पिशवीत घालून गोठवतात, पिशवी आपटली की दाणे गळतात. देठ आणि हिरवे दाणे वेचून टाकायचे, उरलेलं चांगलं उकळायचं, गाळायचं, निवलं की मध घालायचा. कच्चं पोटात गेलं की ओकाऱ्या ठरलेल्या. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. डार्लाबाईंनी घोस देठांसकट मिक्सरमध्ये फिरवले.

"अगं, उकळ तरी," मी म्हणाले.

"उकळलं की सगळा कस मरतो, वहिनी. तुमच्यात नुसता रंग उरतो."

"कस नव्हे, विष मरतं."

"तुम्हाला माझं कधी काही पटलंय का? हे गावाला आवडलं तर मी इथेच पाय रोवणार आहे. नाहीतर जाते परत."

उथळ पाण्याला खळखळाट फार.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवणं होती. तिथे ही बाटल्या मांडून बसली. प्रत्येक बाटलीवर माझ्या सासूबाईंचा फोटो. त्या बाईने उभ्या जन्मात दूधसुद्धा न उकळता कुणाला दिलं नव्हतं. डार्लाने कागदी पेल्यांत चवीपुरतं ओतलं, लोकांनी हात पुढे केले, तशी मी भर पंगतीत म्हणाले, "कच्चं आहे ते. कुणी पिऊ नका."

पेले परत टेबलावर गेले. डार्लाची मान लाल झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात माझा नवरा वेंडेल उठला. मी त्याची बाही ओढली. त्याने एक पेला घशात ओतला, मग दुसरा.

"आईच्या हातची चव आहे, डार्ले," तो म्हणाला. "या सगळ्या बाटल्या मी नेतो. दुसऱ्या कुणाला मिळायच्या नाहीत."

याला म्हणतात विकतचं दुखणं. दुपारभर तो न्हाणीघरात बादली कवटाळून बसला आणि मी त्याची पाठ चोळत राहिले.

"माहीत होतं ना तुला?"

"होतं."

"मग कशाला प्यायलास मेल्या?"

"तिचा चेहरा बघितलास का?" एवढंच म्हणून त्याने पुन्हा बादलीत तोंड घातलं.

संध्याकाळी डार्लाचा फोन आला. "दादाला काही झालं नाही ना?"

वेंडेलने माझ्याकडे बघून मान हलवली. नको सांगूस.

"घोरत पडलाय," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला उकळ म्हणत होता."

"दादा म्हणाला? मग उकळते."

मी बाटल्या मोरीत ओतल्या. लग्न झाल्यापासून दर थंडीत मी या माणसासाठी देठन् देठ वेचून, उकळून, गाळून सिरप करते. तो तोंड वाकडं करून एक चमचा घेतो आणि कसं झालंय ते कधी सांगत नाही.