परक्या अग्नीपाशी

दादासाहेबांच्या कन्येचे घर कॅनडातल्या वॉटर्लूला होते, आणि त्या घरात अग्नीला जागा नव्हती.

यात कुणाचा दोष नव्हता. घर म्हणजे बाराव्या मजल्यावरचा कॉन्डो. तेथे आल्यावर पहिल्याच सणाला दादासाहेबांनी देवापुढे कापूर लावला, तेव्हा छताला लावलेले धुराची सूचना देणारे यंत्र असे किंचाळले की शेजारच्या बाई दार ठोठावत आल्या. पुढच्या आठवड्यात सुमेधाने बॅटरीवर चालणारे निरांजन आणून दिले. "बाबा, अगदी खरं वाटतं की नाही?" तिने मोठ्या आशेने विचारले. दादासाहेबांनी मान हलवली. ज्योत खरीच हलत होती. मात्र तिच्यावर हात धरला तर तळवा गार राहत असे.

मिरजेच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर दादासाहेबांनी, पुष्कळांनी वेड्यात काढले तरी, विधिपूर्वक अग्न्याधान केले होते. कृष्णाकाठच्या गावी, घरामागच्या अग्निशाळेत तीन अग्नी सिद्ध केले आणि पत्नीसह, विजयालक्ष्मीसह, सायंप्रातः दुधाच्या आहुती देत अकरा वर्षे काढली. हा अग्नी एकट्याचा नसतो. तो दांपत्याचा असतो. पत्नी आधी गेली, तर तिचा देह त्याच अग्नींच्या स्वाधीन करतात, आणि मागे उरलेल्या पुरुषापाशी ना अग्नी उरतो ना त्याचा अधिकार. विजयालक्ष्मी आधी गेली. मडक्यांत भरलेले निखारे तिच्यापुढे चालले आणि तिच्याबरोबरच संपले. घरी परतल्यावर दादासाहेब सायंकाळी सवयीने उठले, हातपाय धुतले, आणि अग्निशाळेच्या दारातून राख पाहून परत फिरले. त्या वेळेचे काय करावे हे त्यांना आजतागायत कळले नव्हते.

म्हणूनच २०१७ च्या उन्हाळ्यात कादंबरीने, त्यांच्या नातीने, जेवताना सहज एक गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"आजोबा, यू नो, आमच्या फेस्टिव्हलला एक फायर असतो. चार दिवस विझू देत नाहीत. लिटरली रात्रंदिवस कोणीतरी बसलेलं असतं."

"कोण बसतं?"

"व्हॉलंटियर्स. दोघं दोघं. मी सेटअप क्रूमध्ये आहे, आम्ही आधी जाऊन सगळं उभं करतो."

"कोणत्या देवाचा उत्सव आहे हा?"

"बऱ्याच देवांचा. म्हणजे जुने, ख्रिश्चॅनिटीच्या आधीचे. पेगन लोक आहेत, आजोबा. झाडं, चंद्र, पूर्वज, असं सगळं मानतात."

"मग आपल्यासारखेच की," दादासाहेब म्हणाले. "मी येऊ?"

सुमेधाने वाढता वाढता पळी खाली ठेवली. "बाबा! जंगलात तंबूत झोपणार? डास आहेत, गोचिडी आहेत, वॉशरूम म्हणजे प्लास्टिकचा डबा. आणि तिथे कोण कसं नाचेल याचा नेम नाही."

"नाच सुरू होण्याआधी आम्ही निघतो, मम्मा. सेटअप आहे. फक्त खड्डे खणायचे आणि सनबर्न घ्यायचा."

अशा रीतीने, ऑगस्टातल्या एका सकाळी, धोतराऐवजी जावयाची विजार घालून दादासाहेब एका कुरणात उतरले. भोवती मेपल आणि सीडरची दाट रांग होती, मधोमध उतरते गवत. अजून काहीच उभे नव्हते.

क्रूची प्रमुख मॉरीन नावाची बाई होती; वय सत्तरीच्या आसपास, पांढऱ्या वेणीवर टोपी, पायात रबरी बूट. तिने दादासाहेबांना आपादमस्तक न्याहाळले.

"कादंबरीचे आजोबा? छान. काय उचलता येईल?"

"जड सोडून सगळं," दादासाहेब नीटनेटक्या इंग्रजीत उत्तरले.

"म्हणजे माझ्यासारखंच. चला, लाकडांकडे."

तरुण मंडळी मोठे मंडप ताणत होती, दोऱ्यांच्या खुंट्या ठोकत होती, तंबूंच्या वाटांवर रंगीत फिती बांधत होती. दादासाहेबांच्या वाट्याला अग्निकुंडाची बाजू आली. गेल्या वर्षीचे कुंड गवताने झाकले होते. मॉरीनने फावड्याने हरळी सोलून काढली, दादासाहेबांनी दगड एकेक करून ओल्या फडक्याने पुसले आणि वर्तुळात बसवले. लाकूड त्याच शिवारातले होते. बाहेरचे लाकूड आणायला तेथे मनाई होती, कारण त्यातून कीड येते. याच किडीने त्या परिसरातले अॅशचे वृक्ष वाळून गेले होते, आणि तेच आता जळायला आले होते. दादासाहेब प्रत्येक फाटा हातात घेऊन फिरवून पाहत, साल सुटलेली असेल तर काढून टाकत, कुजका बाजूला ठेवत.

मॉरीन कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. 'दादा' हा उच्चार तिला 'डाडा' असाच जमत होता. "डाडा, तुम्ही लाकूड रचताय की नवरी पसंत करताय?"

"नवरीला एवढं निरखून पाहायची आमच्या वेळी सोयच नव्हती," दादासाहेब म्हणाले. मॉरीन एवढ्या जोराने हसली की मंडपाखालच्या मुलांनी वळून पाहिले.

काम करता करता ते तिला विचारत राहिले. अग्नीत काय टाकतात? लाकूड, आणि कुणी काही अर्पण केले तर तेवढेच. कागदी बशा? "बशा? सिगारेटचं थोटूक जरी कुणी टाकलं, तर मी त्याला त्याच्या तंबूसकट गेटबाहेर काढते." आणि दोघे का बसतात? एकाने का नाही?

"एकाला लाकूड आणायला उठावं लागतं," मॉरीन म्हणाली. "तेवढा वेळ दुसऱ्याने त्याच्यापाशी असावं. आगीला एकटं टाकत नाही आम्ही."

ही केवळ सावधगिरीची व्यवस्था आहे, हे दादासाहेबांना कळत होते. तरीही पुढचा दगड बसवताना त्यांचे हात थोडे मंदावले.

ते येथे का आले होते, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. त्यांना काही करायचे नव्हते. जो अग्नी विझू दिला जात नाही, अशा एका अग्नीजवळ, सायंकाळच्या त्या ओसाड वेळेला, एकदा बसायचे होते. एवढेच. सेटअपची मंडळी उत्सवापूर्वी निघणार, तेव्हा तेही मिळेल की नाही याची धाकधूक होती. दुपारी सँडविच खाताना मॉरीनने ती धाकधूक एका वाक्यात संपवली आणि तिच्या जागी मोठी ठेवली.

"संध्याकाळी कुंड पेटवायचं. उद्या गेट उघडायच्या आधी एक रात्र ते जळून कोरडं व्हावं लागतं, दगड ओले असले तर फुटतात. आणि हाच अग्नी पुढे चार दिवस चालतो. आमच्यात रीत अशी की क्रूमधल्या सर्वांत वयस्क माणसाने पेटवायचा." तिने काडेपेटी त्यांच्यापुढे ठेवली. "सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे. यंदा देवाने तुम्हाला पाठवलं."

दादासाहेबांचा हात पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"मला अधिकार नाही."

"अधिकार?" मॉरीनने कादंबरीकडे पाहिले. "म्हणजे परवाना? तो आहे आपल्याकडे, टाउनशिपचा."

कादंबरी गोंधळली. "आजोबा, इट्स ओके, फक्त एक मॅच लावायची आहे."

तेव्हा त्यांनी सांगितले. फार विस्ताराने नाही. तीन अग्नी, सकाळ-सायंकाळचे दूध, आणि पत्नी गेली की अग्नी तिच्याबरोबर जातो हा नियम. कादंबरी सँडविच हातात धरून ऐकत होती. आजी गेली तेव्हा ती शाळेत होती; आजीबरोबर आणखी काय गेले हे तिला कुणी सांगितले नव्हते.

मॉरीनने सँडविच खाली ठेवले. "म्हणजे ती सगळाच घेऊन गेली?"

"सगळाच."

"हुशार बाई."

दादासाहेब हसले. तिच्याविषयी बोलताना आपण हसलो, हे त्यांना हसून झाल्यावर लक्षात आले.

"पण डाडा, ऐका. तो तुमचा होता. हा तुमचा नाही. हा आमच्या सगळ्यांचा आहे. संध्याकाळपर्यंत विचार करा." आणि काडेपेटी तिथेच ठेवून ती उठली.

दुपारभर दादासाहेब पाण्याच्या बादल्या भरून कुंडाभोवती ठेवीत होते, आणि मनात शास्त्र उलगडत होते. सर्वांचा अग्नी! सत्र नावाचा असा यज्ञ त्यांना माहीत होता. सत्रात एक यजमान नसतो. जमलेले सारेच यजमान, सारेच ऋत्विज, कुणी कुणाला दक्षिणा देत नाही. ही उन्हात राबणारी, एक डॉलरही न घेणारी मुले सत्रातली नव्हेत तर कोण? मग त्या सत्रातल्या एका वृद्धाने काडी ओढली तर बिघडले कुठे? युक्तिवाद सुंदर होता. शाळेत एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता, तर त्यांनी पाठ थोपटली असती.

परंतु सत्रातल्या प्रत्येकाचा स्वतःचा अग्नी असावा लागतो आणि शेजारी पत्नी असावी लागते, हेही त्यांना माहीत होते. आणि त्याहून जवळची एक गोष्ट. काडेपेटीकडे पाहिले की त्यांचा उजवा हात आपोआप उघडत होता. शास्त्र वळवता येते. वळवणारा हात भुकेला आहे, हे मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक असते. त्यांनी जर तो अग्नी आज चेतवला असता, तर तो त्यांचाच झाला असता, आणि ती त्यात नसती. तिच्यावाचून त्यांना अग्नी नको होता. इतक्या वर्षांत हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे स्वतःला कधी सांगितले नव्हते.

सूर्य सीडरच्या रांगेवर टेकला तेव्हा सारा क्रू कुंडापाशी जमला. दादासाहेबांनी काडेपेटी मॉरीनच्या हातात दिली.

"पुन्हा माझ्याच गळ्यात?" ती म्हणाली, पण हळू आवाजात.

"तुम्ही चेतवा. मी बसतो."

"कुठे बसता? खुर्ची आणू?"

दादासाहेबांनी कुंडाकडे पाहिले. गोल कुंड. घरच्या तीन अग्नींतला गोल कुंडाचा अग्नी म्हणजे गार्हपत्य, गृहस्थाचा. त्याच्या उत्तरेला बसून ते दूध तापवीत आणि नैर्ऋत्येला पत्नीचे आसन असे. ते आपल्या नेहमीच्या बाजूकडे वळले. तेथे मॉरीन गुडघे टेकून बसली होती. मग ते वर्तुळाला वळसा घालून पलीकडे गेले, आणि नैर्ऋत्येला, गवतावर, मांडी घालून बसले. त्या बाजूला ते जन्मात कधी बसले नव्हते.

पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी मोडली. मॉरीनने एक शिवी हासडली, मग आकाशाकडे पाहून क्षमा मागितली, मुले खिदळली. तिसरी लागली. सालींनी पेट घेतला, सुकी अॅश तडतडली.

खाली बसलेल्या माणसाला दगडांच्या कडेमुळे जाळ दिसतच नव्हता. दिसत होता तो पलीकडचा चेहरा. खालून उजळलेला, भुवया आवळलेला, फुंकर घालताना गाल फुगलेला, सारे जग विसरून ज्वालेवर खिळलेला. दादासाहेब पाहत राहिले. तो चेहरा एकदाही वर झाला नाही. होणारही नव्हता, चेतवणाऱ्याने दृष्टी हलवायची नसते.

त्यांनी एकदा विजयालक्ष्मीला विचारले होते, रोज नुसते बसून कंटाळा येत नाही का. ती पदर सावरत म्हणाली होती, "बघायला असतं की." त्यांना वाटले होते, ती अग्नीविषयी बोलते आहे.

आपल्या घरच्या कुंडालाही मातीची कड होती. वीतभर उंच. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिंपली होती.

ती काय बघत बसायची ते आता कळले, हे तिला सांगायला हवे होते. घाईने, आताच, ती स्वयंपाकघरात वळण्यापूर्वी. घशापर्यंत हाक आली. घरात ते तिला नावाने हाक मारीत नसत, नुसते 'अगं' म्हणत. तेवढी दोन अक्षरे त्यांनी ओठांशी थांबवली.

वारा फिरला आणि धूर त्यांच्या अंगावर आला. कादंबरी येऊन शेजारी बसली, डोळे चोळू लागली.

"आजोबा, इथे किती स्मोक आहे. आणि इथून फायर दिसतही नाही नीट. पलीकडे चला ना."

"आजी इथे बसायची," ते म्हणाले.

कादंबरीने आपली ओढणी नाकाला लावली, आणि उठली मात्र नाही.

अग्नी स्थिर झाला तसा मॉरीन गुडघे धरून उठली आणि लाकूड आणायला गेली. तिच्या जागी आता कुणी नव्हते. रिकाम्या गवतावर नुसता उजेड पडला होता. धुराने डोळे चुरचुरत होते. दादासाहेब त्या उजेडाकडे, ज्या जागी माणूस असायचा त्या जागेकडे, पाहत बसले.